इंजिन बंद पडल्यावर काय, आणि कोणत्या क्रमाने: सेसना १७२ चे फोर्स्ड लँडिंग

फोर्स्ड लँडिंगच्या, म्हणजे इंजिनाशिवाय नाइलाजाने उतरण्याच्या, सरावात इन्स्ट्रक्टरने थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा) मागे ओढला की विद्यार्थ्याचा हात हमखास आधी इग्निशनच्या किल्लीकडे जातो, नाहीतर चेकलिस्टच्या कप्प्याकडे. नाक जिथे होते तिथेच राहते आणि बघता बघता वेग ५५ नॉटवर येतो. कृती सगळ्या पाठ असतात, चुकतो तो क्रम.

खालचे आकडे सेसना १७२ एस या फ्युएल इंजेक्शनच्या विमानाचे, कमाल वजनाचे (१,१५७ किलो) आहेत आणि वेग सगळे इंडिकेटेड (वेगमापकावर दिसणारे) आहेत. तुम्ही १५२, कार्ब्युरेटरचे जुने १७२ किंवा डायमंड कंपनीचे विमान उडवत असाल तर आकडे त्या विमानाच्या हँडबुकातून घ्या. हँडबुक आणि हा लेख यांत कुठे फरक पडला तर हँडबुकाचे ऐका. क्रम मात्र बहुतेक सगळ्या छोट्या विमानांना हाच लागू पडतो: वेग, जागा, इंजिन, रेडिओ, उतरण्याची तयारी.

## १. जमिनीवर: इंधन, पाणी, व्हेंट

हवेत बंद पडलेल्या इंजिनांमध्ये तुटलेला क्रँकशाफ्ट क्वचित सापडतो. इंधन संपलेले, चुकीच्या टाकीत राहिलेले किंवा पाणी मिसळलेले, हे मात्र पुन्हा पुन्हा सापडते. म्हणून फोर्स्ड लँडिंगची पहिली पायरी ॲप्रनवरच, विमान उभे असते तिथेच.

१७२ एस मध्ये वापरता येण्याजोगे इंधन दोन्ही टाक्या मिळून सुमारे २०० लिटर. ७५ टक्के शक्तीवर क्रूझला तासाला साधारण ३८ लिटर जाते. गेजवर विसंबू नका. पंखावर चढून डिपस्टिकने मोजा आणि आकडा कागदावर लिहा. मुक्कामी उतरल्यावर टाकीत तासाभराचे इंधन उरत नसेल तर आधीच कुठेतरी थांबून भरा.

ड्रेन करण्याच्या (तळाचे इंधन कपात काढून पाणी तपासण्याच्या) जागा या विमानाला १३ आहेत: प्रत्येक पंखाखाली पाच आणि नाकाखाली तीन. पंखाखालच्या दोन-तीन बघून पुढे जाणे ही नेहमीची पळवाट. पावसाळ्यात विमान रात्रभर उघड्यावर असेल तर टाकीच्या झाकणाच्या रबरी रिंगमधून पाणी हमखास उतरते. इंधन भरल्यावर थोडा वेळ जाऊ द्या, पंखाचे टोक धरून विमान हलकेच हलवा, मग ड्रेन करा.

इशारा: कपात अर्धे पाणी असेल तर खाली थेंब किंवा मध्ये रेघ दिसते. पूर्ण कप पाण्यानेच भरला असेल तर रेघ दिसत नाही. सगळे एकसारखे स्वच्छ दिसते आणि माणूस समाधानाने कप ओतून देतो. म्हणून कप पांढऱ्या पृष्ठभागासमोर धरा. १०० एलएल ॲव्हगॅस (विमानाचे पेट्रोल) निळसर दिसलेच पाहिजे. रंग फिका वाटला किंवा रॉकेलसारखा वास आला तर एक थेंब कागदावर टाका. ॲव्हगॅस उडून जाते. जेट इंधन मिसळले असेल तर तेलकट डाग मागे राहतो. ज्या धावपट्टीवर डिझेल इंजिनाची डायमंड आणि पेट्रोलवरची सेसना शेजारी उभी असतात, तिथे हा थेंब रोज टाकावा.

डाव्या पंखाखाली स्ट्रटजवळ इंधन टाकीची व्हेंट नळी (टाकीत हवा घेणारी) आहे. आपल्याकडे कुंभारमाशी असल्या नळीत एका दिवसात मातीचे घर करते. व्हेंट बुजला की इंधन खाली जाईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि टाकी भरलेली असूनही प्रवाह थांबतो. नळीच्या तोंडाशी बोट लावून बघणे पुरेसे नाही, टॉर्च मारून आत बघा. काउलिंगच्या फटीतून आत काडीकचरा दिसतो का तेही पाहा. साळुंकीला घरटे करायला एक शनिवार-रविवार पुरतो.

## २. टेक-ऑफपूर्वी: तीन वाक्ये मोठ्याने

धावपट्टीवर वळण्याआधी तीन निर्णय मोठ्याने बोलून घ्या. बोललेला निर्णय लगेच अमलात येतो, न बोललेल्याला उशीर होतो.

1. धावताना काही बिघडले तर थ्रॉटल मागे, ब्रेक, धावपट्टीवरच थांबणार.
2. हवेत उठल्यावर ठरवलेल्या उंचीच्या आत इंजिन गेले तर समोर, डावी-उजवीकडे ३० अंशांच्या आत उतरणार. मागे वळणार नाही.
3. त्या उंचीच्या वर गेले तर वारा कोणत्या बाजूने आहे ते पाहून अमुक बाजूला वळणार.

बारामतीसारख्या ठिकाणी धावपट्टीच्या टोकापुढे काय आहे, ऊस, माळ की वस्ती, हे आदल्या दिवशी उपग्रह नकाशावर पाहून ठेवा. हवेत तो शोध घ्यायला वेळ नसतो.

### मागे का वळायचे नाही

हिशेब करून बघा. ६८ नॉट म्हणजे सेकंदाला ३५ मीटर. ३० अंश बँकवर (पंख तेवढे कलवून) १८० अंश वळायला सुमारे १९ सेकंद लागतात आणि वळणाचा व्यास ४३० मीटर होतो. म्हणजे वळण पूर्ण झाले तेव्हा तुम्ही धावपट्टीच्या रेषेपासून ४३० मीटर बाजूला आहात. परत रेषेवर यायला आणखी ३०-४० अंश वळायचे आणि मग उलटे वळून सरळ व्हायचे. त्यात सुरुवातीचे भांबावलेले चार सेकंद मिळवा. शिवाय उतरणार ते पाठवाऱ्यात.

बँक ४५ अंश केली तर वळण लहान होते, पण स्टॉलचा (पंखांची उचल तुटण्याचा) वेग वाढतो. फ्लॅप (पंखामागचे खाली येणारे पट्टे) वर असताना ४८ नॉटला होणारा स्टॉल ४५ अंशांत ५७ नॉटला होतो. जमीन जवळ दिसली की हात आपोआप योक (नाक वर-खाली करणारे हातातले चाक) मागे ओढतो आणि पाय रडर जास्त दाबतो. त्या उंचीवर स्पिन (गिरक्या घेत कोसळणे) सुरू झाला तर सावरायला खाली जागाच नसते.

तुमची स्वतःची उंची काढायची असेल तर इन्स्ट्रक्टरबरोबर जमिनीपासून ३,००० फुटांवर जा. क्लाइंबमध्ये थ्रॉटल बंद करा, चार सेकंद मोजा, वळा, उलट दिशेला सरळ व्हा आणि किती फूट गेले ते लिहा. त्यात निम्मे आणखी मिळवा. तो आकडा तुमचा, त्याच विमानापुरता आणि त्याच वजनापुरता.

### टेक-ऑफनंतर लगेच गेले तर

नाक खाली. क्लाइंबमध्ये नाक इतके वर असते की इंजिन जाताच वेग झपाट्याने पडतो. वाटते त्यापेक्षा जास्त दाबावे लागते. फ्लॅप वर असतील तर ७० नॉट, खाली असतील तर ६५. मिक्श्चर (इंधन-हवेचे मिश्रण ठरवणारा दांडा) पूर्ण बाहेर, फ्युएल शटऑफ बाहेर ओढून बंद, इग्निशन बंद, फ्लॅप हवे तसे, मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद, दार उघडून ठेवा, सरळ समोर. यातले नाक आणि फ्लॅप एवढेच झाले आणि बाकी राहून गेले तरी चालेल. उलटे झाले तर चालणार नाही.

## ३. उंचीवर असताना: पहिले पाच सेकंद

पायरी १. वेग ६८ नॉटवर आणा. क्रूझला ११० च्या आसपास असाल तर लगेच नाक खाली टाकू नका. नाक हलकेच धरून ठेवा, जास्तीच्या वेगाची दोनेकशे फूट उंची करून घ्या आणि ६८ जवळ आले की नाक ग्लाइडच्या (इंजिनाशिवाय तरंगत उतरण्याच्या) जागी सोडा. आधीच वेग कमी असेल तर ताबडतोब खाली.

पायरी २. ट्रिम करा. हात सोडून ६८ राहिले पाहिजे. हे टाळणारा विद्यार्थी पुढची चार मिनिटे एका हाताने विमानाशी कुस्ती करत बसतो, आणि खाली वाकून फ्युएल सिलेक्टर बघितला की वेग १५ नॉटने हलतो.

पायरी ३. वाऱ्याच्या दिशेचा आणि जवळात जवळच्या चांगल्या जमिनीचा विचार करत तिकडे वळा.

६८ हा कमाल वजनाचा आकडा. एकटे असाल आणि वजन ९५० किलोच्या आसपास असेल तर उत्तम ग्लाइडचा वेग सुमारे ६२ येतो. समोरून जोराचा वारा असेल तर त्यात पाच-सात नॉट मिळवा.

या वेगाला विमान ढोबळमानाने एक फूट खाली जाताना नऊ फूट पुढे जाते. १,००० फुटांमागे दीड नॉटिकल मैल, म्हणजे पावणेतीन किलोमीटर. मिनिटाला ७५० फूट उंची जाते, तेव्हा जमिनीपासून ३,००० फुटांवर तुमच्याकडे चार मिनिटे आहेत. हा स्थिर हवेचा हिशेब. समोरून २० नॉट वारा असेल तर तोच दीड मैल जेमतेम एक मैल उरतो.

तपासा: अल्टिमीटर समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. दख्खनच्या पठारावर ही चूक महागात पडते. पुण्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून १,९०० फुटांहून जास्त उंच आहे, नागपूरचा साधारण १,०००. पुण्याजवळ अल्टिमीटरवर ३,००० दिसत असेल तर खाली फक्त हजार-अकराशे फूट आहेत. चार मिनिटे नाहीत, दीड मिनिट आहे. ज्या भागावर उडताय तिथल्या जमिनीची उंची नी-बोर्डवर (मांडीवर बांधायच्या फळीवर) मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

## ४. जागा निवडणे

हात पूर्ण लांब करून मूठ धरा. ती साधारण १० अंश भरते. क्षितिजाला मुठीची वरची कड लावा. मुठीच्या खाली जे दिसते ते स्थिर हवेत नक्की आवाक्यात आहे आणि सर्किट करायला थोडी उंचीही उरेल. मुठीच्या आड दडलेली जागा कितीही हिरवीगार असली तरी सोडून द्या. दूरच्या धावपट्टीचा मोह धरून जवळचे चांगले शेत सोडणे ही मोठी चूक. आणि पहिली नजर स्वतःच्या पंखाखाली टाका; बरेचदा उत्तम जागा तिथेच असते आणि वरच्या पंखाच्या विमानात एक वळण घेतल्याशिवाय तिचा अंदाज येत नाही.

लांबी किती हवी? समुद्रसपाटीला, पूर्ण फ्लॅपने, ५० फुटांच्या अडथळ्यावरून येऊन थांबायला हँडबुकाप्रमाणे सुमारे ४०० मीटर लागतात. त्यातले प्रत्यक्ष जमिनीवर धावणे १७५ मीटरच आहे. म्हणजे जागेच्या लांबीपेक्षा सुरुवातीला झाड किंवा तार नसणे जास्त मोलाचे.

महाराष्ट्रातल्या जमिनीचे वाचन असे:

माळरान, गायरान: पहिली पसंती. जनावरे आणि दगड बघा. सातारच्या पठारासारख्या ठिकाणी पवनचक्क्या.

गहू, हरभरा, कांदा काढून झालेले रान: चांगले. ढेकळांची ताजी नांगरट असेल तर नाकचाक रुतते. तासांच्या दिशेने उतरा, आडवे कधीच नाही. थोडा बाजूचा वारा सोसावा लागला तरी चालेल.

काळी माती, पावसाळ्यात: वरून सपाट आणि सुंदर दिसते. चाक टेकले की धरते आणि विमान नाकावर उलटते. त्यापेक्षा बाजूची मुरमाड, पिवळट-तांबूस जमीन लहान असली तरी बरी.

भात (गोंदिया, भंडारा, कोकण): खरिपात चिखल, कापणीनंतर कोरडी खाचरे. अडचण बांधांची. लांबीच्या दिशेने ज्या पट्ट्यात कमीत कमी बांध आडवे येतात तो पट्टा निवडा.

उसाचा फड: उभा ऊस दोन-तीन मीटर उंच आणि दाट. दुसरा इलाज नसेल तर शेंड्यांना जमीन समजून कमीत कमी वेगाने टेका. तोडणी झालेला शेजारचा फड दिसत असेल तर अर्थात तोच.

द्राक्षबाग, शेडनेट, पॉलिहाउस: कधीच नाही. नाशिक-इंदापूरकडे वरून एकसारखी हिरवी पट्टी दिसते ती बाग लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारांवर उभी असते.

रस्ता: सरळ दिसतो म्हणून मन ओढते. खांब, दुभाजक, ट्रक आणि आडव्या तारा हे सगळे २०० फुटांवर आल्यावर दिसते. रिकामा आहे याची खात्री असेल तरच.

इशारा: तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. खांबांची रांग शोधा आणि मधली तार आहेच असे धरा. शेतात विहीर असेल तर तिच्यावर मोटर असते आणि मोटरपर्यंत तार आलेली असते. डीपीचा जोडखांब दिसला की त्यातून कोणत्या बाजूंना फाटे गेले ते बघा. शेततळ्यांचा प्लास्टिकचा कागद उन्हात चमकतो, त्यामुळे तळे लांबून कळते. त्याचा मातीचा उंच बांध मात्र कळत नाही.

वाऱ्यासाठी धूर बघा. गळीत हंगामात साखर कारखान्याचे धुराडे वीस किलोमीटरवरूनही उपयोगी पडते. धूर नसेल तर तळ्यातल्या पाण्यावर बघा: वारा येतो त्या काठालगत पाणी शांत असते. जून ते सप्टेंबर वारा बहुधा पश्चिम-नैर्ऋत्येकडून. काहीच दिसले नाही तर तो धरून चाला.

## ५. इंजिन पुन्हा सुरू करणे

जागा ठरली, विमान तिकडे वळले, ट्रिम झाले. आता, आणि आताच, हात इंजिनाकडे.

1. फ्युएल शटऑफ: पूर्ण आत, म्हणजे चालू.
2. फ्युएल सिलेक्टर: बोथ. बोटांनी चाचपून नेमका खाचेत बसला आहे याची खात्री करा.
3. ऑक्झिलरी फ्युएल पंप: चालू.
4. मिक्श्चर: रिच.
5. थ्रॉटल: थोडा पुढे.
6. इग्निशन: बोथ. पंखा (प्रोपेलर) थांबला असेल तरच स्टार्ट.

कार्ब्युरेटरच्या विमानात यादीच्या डोक्यावर कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणे) येते, आणि ती लगेच, एक्झॉस्ट गार व्हायच्या आत. आपल्याकडे उन्हाळी तापमानामुळे कार्ब आइसिंग म्हणजे विलायती दुखणे असा समज आहे. पावसाळ्यात २५ अंश तापमान आणि ओलीगच्च हवा असताना, कमी शक्तीवर खाली येताना, कार्ब्युरेटरच्या नळीत बर्फ धरतो. आरपीएम हळूहळू पडते, थ्रॉटल किंचित वाढवून वैमानिक ते झाकतो, आणि मग इंजिन एकदम धापा टाकते. कार्ब हीट ओढल्यावर पहिली काही सेकंदे इंजिन आणखी खडखडते, कारण वितळलेले पाणी आत जाते. तिथे घाबरून हीट बंद करणे ही ठरलेली चूक. तशीच ठेवा.

१७२ एस ला कार्ब्युरेटर नाही, पण विदर्भातल्या मे महिन्यात फ्युएल लाइनमध्ये वाफ होते. फ्युएल फ्लोचा काटा नाचतो, शक्ती कमीजास्त होते. ऑक्झिलरी पंप चालू करून मिक्श्चर जुळवा. पंप चालू केल्यावर इंजिन आले आणि बंद करताच फ्लो शून्यावर गेला तर इंजिनाचा स्वतःचा पंप गेला आहे. मग ऑक्झिलरी पंप उतरेपर्यंत चालूच.

पंखा वाऱ्याने फिरत असेल तर स्टार्टरची गरज नाही. बिघाड इंधनाचा असेल आणि तो दूर झाला तर इंजिन काही सेकंदांत आपोआप येते. मॅग्नेटोची (इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राची) शंका असेल तर किल्ली लेफ्ट आणि राइटवर एकेकदा फिरवून बघा. ऑइल प्रेशर शून्य असेल किंवा काउलिंगवर तेल उडालेले दिसत असेल तर चालू करण्याच्या भरीस पडू नका.

इशारा: थांबलेला पंखा फिरवण्यासाठी डाइव्ह मारू नका. जाते ती उंची, मिळते ती आशा.

तपासा: जमिनीपासून १,००० फूट आले की इंजिन हा विषय संपला. पुढचे सगळे लक्ष शेतावर.

## ६. इंजिन पूर्ण गेलेच नाही तर

अर्धवट शक्ती पूर्ण बंद पडण्यापेक्षा जास्त फसवी. १,८०० आरपीएम मिळतायत, विमान जेमतेम उंची राखतेय, आणि वैमानिक वेग ६० पर्यंत उतरवून उंची टिकवतो. मग इंजिन उरलेले सोडते.

वेग ६८ च्या खाली जाऊ देऊ नका, उंची गेली तरी. वरची कारणे तपासा. ज्या थ्रॉटलवर इंजिन सगळ्यात नीट चालते तिथे तो सोडा. सारखा पुढे-मागे करू नका. धावपट्टीकडे जायचेच असेल तर अशा वाटेने जा की कोणत्याही क्षणी इंजिन गेले तरी ग्लाइडच्या आवाक्यात उतरता येईल असे रान खाली असेल. घाट, गाव आणि धरणाचे पाणी ओलांडणारी सरळ रेघ कितीही जवळची असो, तिच्यावर जाऊ नका. शेताच्या वर पोचलात आणि इंजिन अजून कुरकुरतेय, तर उतरायचे ठरवून उतरा. फायनलवर (उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यात) शक्ती आलीच तरी तिच्या भरवशावर पुन्हा वर जाऊ नका.

## ७. रेडिओ आणि प्रवासी

ज्या स्टेशनशी बोलत होता त्याच फ्रिक्वेन्सीवर मेडे (संकटाची हाक) द्या. कोणी नसेल तर १२१.५ ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी. ट्रान्सपाँडर (रडारला संकेत देणारे यंत्र) ७७०० वर. सांगायचे ते या क्रमाने: मेडे तीनदा, स्टेशनचे नाव, कॉलसाइन, काय झाले, काय करणार, कुठे आणि किती उंचीवर, किती माणसे. "बारामतीच्या पूर्वेला आठ मैल, हायवेच्या दक्षिणेला शेतात" असे जमिनीवरचे वर्णन द्या. खाली गेल्यावर रेडिओचा आवाका तुटतो, म्हणून उंची असतानाच. एकदा बोला, उत्तराची वाट बघत बसू नका. टॉवरने प्रश्न विचारले तर "स्टँडबाय" म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

प्रवाशांना तीन गोष्टी: सीटची पाठ सरळ, पट्टा कचकचीत, चष्मा-पेन-टोकदार वस्तू दूर. सीट रुळावर पक्की अडकली आहे ना ते हलवून बघायला लावा. सेसनाची सीट मागे घसरली तर हात योकवरून सुटतो. दार कसे उघडायचे ते हातवारे करून दाखवा. जॅकेट असेल तर चेहऱ्यासमोर.

## ८. उंची खर्च करणे

शेताच्या जवळ पोचून उंची शिल्लक असेल तर शेतापासून लांब जाऊ नका, जवळच घालवा. ३० अंश बँकचे एक पूर्ण वळण साधारण ६००-७०० फूट खाते. त्या हिशेबाने अशी आखणी करा की १,००० फुटांवर तुम्ही शेताच्या बाजूला, बेस लेगच्या (फायनलच्या आधीच्या आडव्या टप्प्याच्या) सुरुवातीला असाल. बेसवरून शेत सतत डोळ्यांसमोर असते. जास्त उंच वाटले तर बेस बाहेर न्या, कमी वाटले तर लगेच आत वळा. म्हणून सरळ लांब फायनल घेऊ नका. तिथून दुरुस्तीला वाव नसतो.

लक्ष्य शेताच्या पहिल्या तिसऱ्या भागात ठेवा, कडेवर नको. पोचणार याची खात्री होईपर्यंत फ्लॅप नाही. खात्री झाली की १०, मग २०, मग ३०. उंची जास्त असेल तर साइडस्लिप (विमान आडवे घसरवत उंची घालवणे) चालते, पण २० अंशांपेक्षा जास्त फ्लॅप असताना तीव्र स्लिप टाळा.

इशारा: कमी पडतोय असे दिसले की योक ओढून ग्लाइड लांबवावासा वाटतो. ६० च्या खाली नाक वर धरले की ड्रॅग वाढतो आणि विमान उलट लवकर बसते. वेग धरा आणि शेत बदला, किंवा अलीकडचे कुंपण सोसा. कुंपणात ४५ नॉटने घुसणारा बहुधा चालत बाहेर येतो. स्टॉल होऊन कोसळणारा येत नाही.

## ९. शेवटचे ३०० फूट

मिक्श्चर बाहेर, शटऑफ बाहेर, इग्निशन बंद. फ्लॅप पूर्ण. त्यानंतर मास्टर बंद. या विमानाचे फ्लॅप विजेवर चालतात. आधी मास्टर ओढला तर फ्लॅप आहेत तिथेच राहतात आणि तुम्ही दहा नॉट जास्त वेगाने टेकता. दारे उघडून ठेवा, फ्रेम वाकली की नंतर अडकतात.

६५ नॉटने या, शेपूट किंचित खाली ठेवून शक्य तितक्या कमी वेगाने टेका. योक पूर्ण मागे, ब्रेक जोरात. नाकचाक जितका वेळ हवेत तितका फायदा.

कमी वेगाचा हट्ट का, हे आकड्यात बघा. आदळण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ४५ नॉटने टेकताना समोरून १० नॉट वारा असेल तर जमिनीवरचा वेग ३५; पाठीमागून असेल तर ५५. ऊर्जा जवळजवळ अडीचपट. ८० किलोमीटर वेगाचे विमान एकसारखे ९ जी ने थांबवायला तीन मीटरही लागत नाहीत, १६० ला मात्र सव्वाअकरा. तेव्हा झाडे टाळता येत नसतील तर दोन खोडांच्या मधून धड न्या आणि पंख तुटू द्या. विमान वाचवायचा विचार इथे करायचा नसतो.

कोकण किनाऱ्यावर समुद्रात उतरावे लागले तर: स्थिर चाकांचे विमान टेकताच उलटण्याची शक्यता धरा, दार आधी उघडा, लाइफ जॅकेट बाहेर आल्यावरच फुगवा.

## १०. उतरल्यावर

पंख्यापासून लांब, मागच्या बाजूने, वाऱ्याकडे तोंड करून बाहेर पडा. निदान ५० मीटर. ईएलटी (विमानाची जागा कळवणारा आणीबाणीचा रेडिओ) आपोआप चालू झाला नसेल आणि आगीची चिन्हे नसतील तरच परत जाऊन तो चालू करा. १०८ ला रुग्णवाहिका, ११२ ला पोलीस.

पाच मिनिटांत अख्खे गाव जमा होईल. मदतीला येणाऱ्यांच्या तोंडात बिडी असते आणि टाकीतले ॲव्हगॅस पंखातून ठिबकत असते. गर्दीतल्या एखाद्या वयस्कर माणसाला हाताशी धरा आणि लोकांना लांब ठेवायचे काम त्यांच्यावर सोपवा. तुमच्यापेक्षा त्यांचे ऐकले जाईल. ऑपरेटर, डीजीसीए (विमान वाहतुकीचे नियामक) आणि एएआयबी (अपघातांचा तपास करणारी संस्था) यांना कळवेपर्यंत आणि परवानगी मिळेपर्यंत विमान हलवू देऊ नका, अडकलेल्या माणसाला काढण्याचा अपवाद सोडून. स्विच आणि सिलेक्टर होते तसे राहू द्या, फोटो काढून ठेवा.

## सराव कसा करायचा

इन्स्ट्रक्टरबरोबर, ठरवून दिलेल्या भागात, थ्रॉटल मागे घेऊन. मिक्श्चर ओढून नाही. दर ५०० फुटांना थ्रॉटल थोडा पुढे करून इंजिन गरम ठेवा, नाहीतर खोटा सराव खरा होतो. कार्ब्युरेटरच्या विमानात कार्ब हीट पूर्ण वेळ चालू. जमिनीपासून ५०० फुटांवर, किंवा तुमच्या संस्थेने ठरवलेली उंची जास्त असेल तर तिथे, थांबा: थ्रॉटल दोन-तीन सेकंदांत पूर्ण पुढे, कार्ब हीट बंद, फ्लॅप २०, वेग चढला की १०, मग वर. आणि वर जाताना मागे वळून बघा: त्या उंचीवरून निवडलेल्या शेतात खरेच पोचला असता का, आणि हजार फुटांवरून न दिसलेली तार आता दिसतेय का.